निळ्या टोपणाची बाटली

“किती रेघा ओढल्या होत्या, मॅडम?” डॉ. शिरगुप्पे मला तिसऱ्यांदा विचारत होते.

“वीस.”

“नक्की?”

“मी हायस्कूलला गणित शिकवते, डॉक्टर. वीसपर्यंत येतं मला.”

असं तोडून बोलायला नको होतं. पण सकाळपासून जो येत होता तो हेच विचारत होता. मिरजेच्या त्या दवाखान्यात आमचे हे खाटेवर आडवे होते. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताच्या बोटाला चिमटा, ओठ सुकून सालपटं निघालेली. दोन दिवस पोटात पाण्याचा थेंब ठरला नव्हता. सकाळी न्हाणीघरातून धाडकन आवाज आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. धावत जाऊन बघते तर हे फरशीवर, अंग घामानं थबथबलेलं, आणि माझ्याकडे बघून विचारताहेत, “तुम्ही कोण?” लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर नवऱ्यानं असं विचारलं की बाईच्या पायाखालची जमीनच सरकते.

“हे बघा,” डॉक्टर जरा मवाळ झाले. “साखर एकदम खाली गेली म्हणून ते पडले. ती आम्ही वर आणलीय. पण उलट्यांनी अंगातलं पाणी गेलंय, किडनीवर ताण आलाय. आणि हे वजनाचं इंजेक्शन एकदा टोचलं की आठवडाभर अंगात काम करत राहतं. ते आता बाहेर काढता येत नाही. किती गेलंय हे कळलं, तर पुढं काय वाढून ठेवलंय त्याचा अंदाज येईल. तुम्ही सांगताय तेवढ्यानं मळमळ होते, फार तर एखादी उलटी. असं होत नाही.”

“पण मी तेवढंच दिलंय.”

“मग एक तर तुमच्या हातून जास्त गेलंय, नाहीतर बाटलीत भलतंच काहीतरी आहे. यातलं कुठलं, ते मला आज कळायला हवं.”

दोन्हीतलं काहीही खरं निघालं तरी मेले मीच. हात माझा होता आणि बाटली माझ्या भावाची.

माझा भाऊ सन्मती माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. जयसिंगपुरात एका व्यायामशाळेच्या खाली त्याचं प्रोटीनच्या डब्यांचं दुकान होतं. डबे विकता विकता तो पेप्टाइडं विकायला लागला. पेप्टाइड म्हणजे काय, हे मला तेव्हाही धड कळलं नव्हतं आणि आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. बोटाच्या पेराएवढी काचेची बाटली, तिच्या तळाला चिमूटभर पांढरी पूड. त्यात ठरलेलं पाणी सोडायचं आणि इन्शुलिनच्या बारीक सुईनं ठरलेल्या रेघांइतकं ओढून पोटावर टोचायचं. कुणाला त्यातून दंड फुगवायचे असतात, कुणाला पोट उतरवायचं असतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय असलं काही घेणं बरं नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळेच घेत होते.

त्या धंद्यात चोरांचा सुळसुळाट. लेबलावर पाच मिलिग्रॅम लिहायचं आणि आत तीन भरायचं, हे तर सर्रास. काहींच्या बाटलीत नुसता पांढरा भुगा. सन्मती मात्र त्यातला नव्हता. नवी बॅच आली की तो तिच्यातली एक बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाकीच्या बाटल्यांना हात लावायचा नाही. रिपोर्ट आला की गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकायचा. लोक त्याला ‘रिपोर्टवाला सन्मती’ म्हणायचे, आणि त्याला त्याचा केवढा अभिमान! असणारच. आमच्या अण्णांचं तेलाचं दुकान होतं. मापात पाप करू नये, हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. माप काठोकाठ भरून गिऱ्हाइकाच्या भांड्यात ओतलं तरी अण्णा वरून एक धार सोडायचे, आणि घरातलं, नात्यातलं कुणी असलं तर दोन.

आमच्या ह्यांचं सांगलीत पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान. दिवसभर बसून काम, शेजारी वड्याची गाडी, आणि पन्नाशीला येईपर्यंत अंगात साखर. सन्मतीचं ऐकून त्यांनीच एकदा विषय काढला. “मेहुण्याच्या घरात गंगा वाहतीय आणि मी तीरावर कोरडा! अगं, विचार की त्याला.” मी विचारलं. पहिली बाटली महिनाभर वापरली; पाणी घातल्यावर ती तेवढीच टिकते. दर रविवारी दहा रेघा. त्या महिन्यात ह्यांच्या पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडावी लागली. हे दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला पट्टा दाखवायचे. मग दुसरी बाटली आली. आता वीस रेघा घ्यायच्या, असं सन्मतीनं सांगितलेलं. पहिल्या रविवारी वीस रेघा गेल्या आणि ह्यांना चार दिवस अन्न समोर नको झालं. मी सन्मतीला फोन केला तर म्हणाला, “मात्रा वाढवली की हुतंय तसं, अक्का. औषध लागू पडतंय म्हण की!” दुसऱ्या रविवारी पुन्हा वीस. आणि मग हे असं.

खाटेच्या उशाशी सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. डॉक्टर बाहेर गेले तसं त्यांनी तोंड उघडलं.

“शंभर पोरांच्या वह्या तपासतीस, अर्ध्या मार्कासाठी पोरं रडवतीस. आणि नवऱ्याच्या सुईवरच्या रेघा तेवढ्या दिसंनात व्हय तुला?”

“मी नीट मोजल्या होत्या, आई.”

“मोजल्या हुत्यास तर हा असा का पडलाय?”

 खरं सांगायचं तर सकाळपासून माझा माझ्यावरचाच विश्वास उडत चालला होता. पहिल्यांदा शपथेवर वीस सांगितलं, दुसऱ्यांदा नुसतं वीस, आणि तिसऱ्यांदा डॉक्टरांना तो टोमणा मारला तेव्हा माझी मलाच खात्री उरली नव्हती. रविवारी सुई भरताना शेजारच्या मंगलताईंनी खिडकीतून हाक मारली होती. कढीपत्ता हवा होता त्यांना. मी “आले हं” म्हणाले होते. तेव्हा मान वळवली होती का? वळवली असेल तर दट्ट्या मागे सरकला असेल का? की पाणीच कमी घातलं होतं? जे आठवायला जावं ते धूसर होत होतं.

मी सन्मतीला फोन लावला. सगळं ऐकून तो रडवेला झाला. “दाजी शुद्धीवर हायत न्हवं? मी येतो, आत्ता येतो.”

“तू नको येऊ. आधी मला सांग, त्या बाटलीत काय होतं?”

“अक्का, औषध चोख हाय. अण्णांची शपथ.”

“भेसळ?”

“नाही गं! नव्व्याण्णव टक्के शुद्ध हाय. रिपोर्ट हाय माझ्याकडं.”

“कमी-बिमी भरलेलं...”

“कमी? अक्का, कमी मी कुणाला दिलंय का आजवर? माझ्या बाटल्या साठ-सत्तर लोकांना गेल्यात. एकाला शिंक आली नाही!”

मग राहिलं कोण? मीच. फोन ठेवला आणि तिथल्या बाकावर बसले. पण बसून भागणार नव्हतं, डॉक्टरांना आकडा हवा होता. नणंदेला फोन करून ह्यांच्यापाशी बोलावलं, घरी जाऊन फ्रीजमधली ती उरलेली बाटली पर्समध्ये टाकली आणि जयसिंगपूरची एसटी धरली. गाडीत मी डाव्या हाताची बोटं बाटलीसारखी धरून उजव्या हातानं पुन्हा पुन्हा हवेत सुई ओढत होते. शेजारच्या बाईनं पोराला उचलून पलीकडच्या मांडीवर घेतलं. वेडीच समजली असेल ती मला.

दुपारची वेळ होती. सन्मतीनं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं आणि मला आत बसवलं. पाण्याचा तांब्या दिला. तेवढ्यात त्याचे डोळे दोनदा भरून आले. तो लहानपणापासून असाच, डोळ्यात पाणी अगदी तयार.

“बैस, अक्का. आधी बघ तरी.” त्यानं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. प्रयोगशाळेचा कागद होता, खाली सही, शिक्का. “लेबल पाच मिलिग्रॅम. निघालं पाच पूर्णांक शून्य सहा. शुद्धता नव्व्याण्णव टक्के. आता ह्याच्यापुढं मी काय करू सांग? मुंबईला स्वतः नेऊन दिलीती बाटली. कुरियरवर भरवसा नाही ठेवला.”

आकडे बघितले. आकड्यांत मला नेहमी आधार वाटतो, पण तेव्हा तेच माझ्यावर उलटले. कागद खरा असेल तर चूक माझ्या बोटांची. मी नवऱ्याला माझ्या हातानं मरणाच्या दारात नेऊन ठेवलं, आणि वर डॉक्टरांना ऐकवलं, मला वीसपर्यंत येतं म्हणून.

“म्हणजे मीच,” मी म्हणाले. “सन्मती, माझ्याच हातनं गेलं रे जास्त.”

“हुतंय अक्का. कधी कधी हात हलतोय माणसाचा.” त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. “दाजी हुतील बरे. देव हाय.”

मी पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. “ही घे बाबा. मला घरात नको ती.”

त्यानं बाटली उचलली, आणि दुकानाच्या मागच्या बाजूला एक छोटा फ्रीज होता तो उघडून आत ठेवायला गेला. मी सहज तिकडं बघत होते. वरच्या खणात बाटल्यांचे खोके ओळीनं लावलेले. सगळ्या बाटल्यांना लाल टोपणं. माझी बाटली मात्र त्यानं तिथं ठेवली नाही. खालच्या खणात एक वेगळा खोका होता, त्यात ठेवली. त्या खोक्यातल्या सगळ्या बाटल्यांची टोपणं निळी.

“ती तिकडं का ठेवलीस?”

“आं? ती घरची न्हवं.”

“घरची म्हणजे?”

“घरच्यांची. दाजी, मावशीची सून, आपला बाळू... असल्यांना द्यायची. गिऱ्हाइकाला नाही देत मी त्यातली.”

मी उठून फ्रीजपाशी गेले. दोन्ही बाटल्या हातात घेतल्या, एक लाल, एक निळी. लेबल तेच, पाच मिलिग्रॅम. पूड तशीच पांढरी. डोक्यात काहीतरी हललं, पण काय ते कळेना.

“पहिल्या महिन्याची आमची बाटली लाल होती,” मी म्हणाले.

“व्हय. तवा हा माल आला नव्हता.”

“आणि तू मला आत्ता दाखवलास तो रिपोर्ट कशाचा?”

“लालचा.”

“निळ्याचा?”

त्याचा चेहरा एकदम उजळला. अजून तो प्रसंग डोळ्यांपुढे आला की मला त्याच्या चेहऱ्याचंच नवल वाटतं. “निळ्याचा तर लई भारी आलाय! दाखवू? ठोक व्यापाऱ्यानं चुकून जादा भरलाय गं माल. लेबल पाचाचं आणि आत किती ठाऊक हाय? आठ पूर्णांक चार! ग्रुपवर असला माल आला म्हणून कळलं तर उड्या पडतील लोकांच्या. पण म्हटलं नको. बाहेरच्याला पाचाला पाच. जादाचं ते आपल्या माणसांना.”

मी निळी बाटली उजेडात धरली.

“सांगितलं नाही तुला,” तो जरा लाजून म्हणाला, “कारण तुझा स्वभाव. जादा दिलंय म्हटलं की परत करायला निघतीस. म्हटलं, दाजींचं वजन लवकर उतरलं की आपोआप कळंल.”

“सन्मती, आठ?”

“आठ पूर्णांक चार.”

“आणि मला सकाळी तू अण्णांची शपथ घेऊन काय सांगितलंस?”

“कमी नाही म्हणून. कुठं कमी हाय? अक्का, जादाच दिलंय की!”

मी टेबलावरचा पेन घेतला आणि प्रोटीनच्या डब्याच्या खोक्यावरच लिहायला लागले. हिशेब साधा होता. पाणी तेवढंच. पूड मात्र पाचाच्या जागी आठ. म्हणजे प्रत्येक रेघेत दीडपटीहून जास्त औषध. वीस रेघा ओढल्या तरी अंगात गेलं जवळजवळ चौतीस रेघांचं. आणि तेही एकदा नव्हे, दोन रविवार. त्याआधी ज्या माणसाला महिनाभर फक्त दहाची सवय होती, त्याला. वर साखरेच्या गोळ्या चालू.

“वाच,” मी म्हणाले.

तो वाचत होता. मला वाटलं त्याला कळायला वेळ लागेल, पण नाही लागला. ओठ आपोआप उघडले त्याचे. लाल बाटलीकडं बघितलं, निळीकडं बघितलं, माझ्याकडं बघायचं टाळलं.

“पण अक्का, जादा भरल्यावर...” तो थांबला. “जादा म्हंजे चांगलंच की. शुद्ध हाय गं ते.”

“शुद्ध आहे. त्यात पाप नाही की भेसळ नाही. म्हणून तर दीडपट जोरात लागलं.”

मी हसले की रडले कोण जाणे. एकाच वेळी जीव भांड्यात पडला होता आणि त्याच भांड्यात उकळत होता. चूक माझी नव्हती! माझी बोटं, माझे डोळे, मंगलताईंचा कढीपत्ता, सगळे निर्दोष. आणि चूक ज्याची होती तो समोर खाली बसून, डोकं धरून, लहान पोरासारखा हुंदके देत होता. त्याला मारावं की जवळ घ्यावं, मला समजेना. मुद्दाम वाईट करणाऱ्यावर रागावता येतं. मापापेक्षा जास्त देणाऱ्यावर कसं रागवायचं, हे आम्हाला अण्णांनी शिकवलंच नव्हतं.

“निळ्या आणखी कुणाकुणाकडं गेल्यात?” मी विचारलं.

“मावशीकडं एक. बाळूची अजून इथंच हाय.”

“लाव फोन मावशीला. तिच्या सुनेला म्हणावं, हात लावू नको. आत्ताच्या आत्ता.”

त्यानं लावला. सून अजून लाल बाटलीवरच होती, निळी फोडलीच नव्हती.  मग डॉक्टरांना फोन केला आणि आकडा सांगितला. पाचाच्या जागी आठ पूर्णांक चार, दोनदा.

“आता लागला हिशेब,” डॉक्टर म्हणाले. “बरं केलंत. साखरेच्या गोळ्या तर बंदच केल्यात, आता साखर दर तासाला बघू. या तुम्ही.”

फोन ठेवून बघते तो सन्मती मोरीपाशी उभा. निळ्या बाटल्या एकेक करून फोडत होता आणि पूड नळाखाली धरत होता. काच लागून अंगठ्यातून रक्त येत होतं. मी त्याच्या हातातून खोका काढून घेतला. दुकान त्यानं पुढे दोन महिन्यांत विकलं, हेही इथंच सांगून टाकते. आता तो कुपवाडला एका कारखान्यात पॅकिंगला आहे.

“मी येतो दवाखान्यात,” तो म्हणाला. “दाजींचे पाय धरतो. सगळं सांगतो त्यास्नी. अक्का, तुझ्यावर आळ नको.”

त्या एका वाक्यानं माझा सगळा राग विरघळला. म्हटलं, आहे, माझा भाऊ आहे हा. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी मिरजेला आले. वाटेत तो तीनदा म्हणाला, “सगळं सांगतो.”

आम्ही वॉर्डात शिरलो तेव्हा उन्हं उतरत आली होती. आमच्यात रात्री जेवत नाहीत, म्हणून सासूबाई दिवस बुडायच्या आत डबा उरकून घेत होत्या. हे शुद्धीवर होते. उशीला टेकून, डोळे उघडे. मला बघून अगदी बारीक आवाजात म्हणाले, “आलीस?” आणि मला ओळखलं एवढ्याच आनंदानं माझे डोळे भरून आले.

“या सन्मती,” सासूबाई घास गिळून म्हणाल्या. “बघा तुमच्या अक्कांचा पराक्रम.”

सन्मती पायथ्याशी उभा राहिला. ह्यांच्या पायांना हात लावला आणि तसाच धरून राहिला. तोंड उघडलं त्यानं. मी बाजूला उभी राहून वाट बघत होते.

हेच आधी बोलले. “सन्मती, मनाला लावून घेऊ नको बाबा. आई तुला काहीबाही बोलली असेल. तुझं औषध चोख होतं, महिनाभर मीच अनुभवलंय की. हिचाच हात जरा... ती तरी काय करणार.”

सन्मतीनं माझ्याकडं बघितलं. आमच्या माहेरात दाजी म्हणजे कोण, हे तिथं वाढलेल्यालाच कळेल. जेवायला पहिलं ताट दाजींचं, देवळात पुढं जागा दाजींची. त्या माणसाच्या तोंडावर, त्याच्या आईसमोर, ‘मी तुम्हाला मारत होतो’ असं म्हणायचं होतं पोराला. त्यानं ह्यांच्या पायांवरचे हात काढले.

“अक्काला सवय नव्हती, दाजी,” तो म्हणाला.

माझ्या कानशिलात बसावी तसं झालं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण सासूबाई मान हलवत होत्या. “तेच म्हणते मी. सवय नाही तर हात कशाला घालावा?” म्हणजे तो बोलला होता खराच. ज्यानं आयुष्यात कुणाला कमी दिलं नाही, त्यानं मला, सख्ख्या बहिणीला, एक वाक्य द्यायचं नाकारलं. मला तोंड उघडायचं होतं.  पण नुसती उभी होते, पर्सचा पट्टा पिळत.

तेवढ्यात डॉ. शिरगुप्पे आले. नळीखालच्या पिशवीकडे बघून त्यांनी समाधानानं मान हलवली. “लघवी सुटलीय. छान. आता पुढचा धोका टळतोय असं म्हणायला हरकत नाही.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “मॅडम, तुमची माफी मागतो. तुमचा हात बरोबर होता. वीस म्हणजे वीसच. बाटलीतच पाचाच्या जागी आठ भरलं होतं.”

 सासूबाईंचा घास डब्यातच राहिला. ह्यांची नजर आधी माझ्यावर आली, मग हळूहळू सरकत पायथ्याकडं गेली.

“आता एकच सांगा,” डॉक्टर म्हणाले. “ही बाटली दिली कुणी? मला वर कळवावं लागेल. असल्या लोकांना मोकळं सोडून चालत नाही.”

सन्मती फरशीकडं बघत होता. अंगठ्याला गुंडाळलेल्या चिंधीतून रक्त आलेलं. एक नाव घ्यायचं होतं मला, बस्स. आणि दोनच मिनिटांपूर्वी त्यानं माझं नाव किती सहज घेतलं होतं! रागानं माझी छाती भरून आली. तोंड उघडलं तेव्हा मी काय बोलणार आहे ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

“ऑनलाइन मागवली,” मी म्हणाले. “कोण कुठला, काही माहीत नाही.”

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. ते ह्यांच्याकडं वळले. “होय का हो, जिनपालराव?”

ह्यांनी डॉक्टरांकडं मान वळवलीच नाही. सन्मतीकडंच बघत होते.

“होय डॉक्टर,” ते म्हणाले. “ऑनलाइनच.”

ते माझ्यासाठी बोलले, की सन्मतीसाठी, की घराची अब्रू म्हणून, हे मी आजवर विचारलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं म्हणा. डॉक्टर मान हलवत निघून गेले. सासूबाईंनी डबा झाकला. मग स्टुलावरून उठून माझ्यासाठी जागा केली. मी बसले.

“सन्मती,” ह्यांनी हाक मारली.

“आं... दाजी?”

“घसा सुकलाय रे. खालनं पाण्याची बाटली घेऊन ये.”

“आणतो दाजी. आत्ता आणतो.” तो जवळजवळ पळालाच. दारापर्यंत गेला तोच ह्यांनी त्याला पुन्हा थांबवलं. आवाजात राग नव्हता. नेहमीसारखाच होता आवाज, फक्त फार थकलेला.

“एकच आण,” हे म्हणाले. “जादा नको.”

सन्मती चौकटीला धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला, पाठ आमच्याकडं, खांदे हलत होते. मग डोळे पुसून खाली गेला आणि एकच बाटली घेऊन आला.